चार बोटं जागा

पिंपळगावहून फोन आला तेव्हा मार्च अर्धा सरला होता.
द्राक्षं थंड करणाऱ्या यंत्राचं पॅनल
रोज दुपारी तीनला तापून बंद पडतं, म्हणाले.
खोलीत मणी गोठायच्या बेतात
आणि भिंतीअलीकडे, पत्र्याच्या पेटीत, एकाहत्तर अंश.

पंखा लावायचा नाही, हे आधीच बजावलेलं.
तिथं रोज पाइपानं पाणी मारून धुतात,
शिवाय पेट्यांतल्या गंधकाच्या कागदांनी तांबं काळं पडतं.
एक भोक नको.
म्हणजे हवा आत. तेवढीच. तीच.

अंबडच्या शेडमध्ये मी तसलीच पेटी उभी केली,
तीन बाजू पत्र्याच्या, दार काचेचं,
ड्राइव्हच्या जागी हीटर,
आणि तळाशी खोचली
रविवार कारंजावरून आणलेली मोगऱ्याची अगरबत्ती.
दगू वॉचमन रजिस्टर घेऊन आला
आणि उंबऱ्यापाशी चपला काढून उभा राहिला.
मी काही बोलले नाही.
वास तर देवळाचाच होता.

तापल्या अंगाला चिकटून धूर वर निघाला,
सुईत ओवण्याइतका सरळ,
वीतभर, दीड वीत,
मग त्याला काय आठवलं कोण जाणे,
एक हेलकावा, एक गाठ,
आणि दोरा उसवलाच.
छताखाली नुसती झुंबड,
भोवऱ्याच्या पोटातून भोवरे,
त्यांची पिल्लं, पिल्लांची चिल्लीपिल्ली,
शेवटी दिसेनासं होईपर्यंत बारीक.
एकोणीस वेळा पाहिलं.
दोनदा सारखं काही झालं नाही.
पेटीच्या मधोमध मात्र हवा थर धरून गप्प,
वरची वर, खालची खाली,
सगळी धावपळ कडेकडेनं.

वहीत मी सरासरी लिहिली.
सरासरी हवा पेटीत कुठंच नव्हती.

पुंजाराम गांगुर्डे फिटर, निवृत्तीला दोन वर्षं,
स्टुलावर बसून बघत होते.
दोन दिवस मी आकडेमोड केली, ते बसून होते.
तिसऱ्या दिवशी म्हणाले,
"मॅडम, वर जायला वाट आहे.
खाली यायला कुठाय?"

गार भिंतीला लावून वायरींचा डक्ट,
जिन्यात कुणी ट्रंक ठेवून गावाला जावं तसा.
मीच काढलेला, पट्टीनं, भिंतीला अगदी भिडवून,
कारण गिऱ्हाईक दार उघडून आधी नीटनेटकेपणा बघतं.
धूर तिथवर यायचा, थबकायचा,
वरच्या वर परत फिरायचा, आणखी तापून.

त्यांनी हॅक्सॉ घेतला. डक्ट आत सरकवला.
भिंत आणि डक्ट यांच्यात हात आडवा धरून म्हणाले, चार बोटं.
म्हटलं, नकाशात मिलिमीटर लागतात, कुणाची बोटं?
"तुमची धरा. माझी साडेतीनच भरतात."
प्रेसखाली गेलेलं अर्धं त्यांनी कधी लपवलं नव्हतं,
मीच आजवर मोजलं नव्हतं.

मग धूर उतरला.
सरळ नाही, तुकड्यातुकड्यानं, अडखळत,
मधेच पुन्हा वर उसळून,
तळाशी पसरला, हीटरपाशी गेला,
पुन्हा चढला.
काटा अठ्ठावन्नवर येऊन थांबला.

अहवालात एक रकाना असतो: कारण.
लिहिलं, हवेच्या मार्गात अडथळा.
कुणी काढलेला, ते विचारत नाहीत.

सिडकोची बस केव्हाच गेली होती.
हीटर बंद केला, अगरबत्तीची काडी उरलेली,
तरी काचेआड काहीतरी फिरत होतं,
हळू, विरत, पण फिरत.
दगूनं दारातूनच विचारलं, "झाली का आरती?"
एक चप्पल त्यानं पायात घातलीसुद्धा.
"थांब," गांगुर्डे म्हणाले,
"अजून खाली उतरतीय."